महिन्याचा पगार आणि बारा तासांची ड्युटी: सांगली-मिरजेच्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांचे ओव्हरटाइमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिरजेत रुग्णसेवा सुरू केली. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि गाव दवाखान्यांचंच झालं. जतपासून शिरोळपर्यंतचे आणि कर्नाटकातले पेशंट इथं येतात. ऑपरेशन कुणी केलं हे घरी गेल्यावर सगळे सांगतात. बेडपॅन कुणी दिलं, स्ट्रेचर कुणी ढकललं, रात्री तीन वाजता सलाइन संपल्याचं सिस्टरला कुणी सांगितलं, हे कुणाला आठवत नाही. हे पान त्या लोकांसाठी आहे: वॉर्डातल्या मावशी आणि मामा, ओटी (ऑपरेशन थिएटर) असिस्टंट, लॅबमधली मुलं, एक्स-रेवाले, रिसेप्शन, बिलिंग, मेडिकल रेकॉर्ड, लाँड्री, किचन, हाउसकीपिंग. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात मी काही वर्षं पगारपत्रकं केली आहेत. त्यामुळे खालचे बरेचसे प्रश्न खिडकीच्या दोन्ही बाजूंनी ऐकलेले आहेत.

मी रोजंदारीवर नाही, मला महिन्याचा पगार आहे. पगारी माणसाला ओव्हरटाइम नसतो ना?

असतो. हा गैरसमज इतका मुरलाय की मालक आणि नोकर दोघंही तो मनापासून मानतात.

पगार दिवसावर आहे की महिन्यावर, यावर ओव्हरटाइम ठरत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ‘कामगार’ कोण, तर हाताने करायचं, अकुशल, कुशल, तांत्रिक, चालवण्याचं किंवा कारकुनी काम मोबदल्यावर करणारा. यात पगार महिन्याचा असेल तर तो कामगार नाही, असं कुठंही म्हटलेलं नाही. मावशीचं काम हाताचं, लॅब टेक्निशियनचं तांत्रिक, बिलिंगवाल्याचं कारकुनी. तिघंही यात बसतात. महिन्याचा पगार हा आठवड्याला ४८ तासांच्या कामाचा मोबदला असतो. त्यावरच्या तासांचा हिशेब वेगळा.

पण हा कायदा दुकानांसाठी आहे. हॉस्पिटल म्हणजे दुकान आहे का?

नावावर जाऊ नका. कायद्यात ‘आस्थापना’ची व्याख्या लांबलचक आहे आणि तिच्यात वैद्यकीय व्यावसायिकाची आस्थापना नाव घेऊन घातलेली आहे: हॉस्पिटल, दवाखाना, क्लिनिक, पॉलिक्लिनिक, प्रसूतिगृह.

आमचं छोटं नर्सिंग होम आहे, सगळे मिळून चौदा जण. आम्हाला हे लागू आहे?

इथं थोडं सावकाश वाचा. २०१७ चा कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना पूर्ण लागू होता. २०२५ मध्ये राज्याने त्यात बदल केले आणि ही मर्यादा वीसवर नेली. म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या किंवा मिरजेतल्या बऱ्याच छोट्या नर्सिंग होमना या कायद्याचा मोठा भाग आता लागत नाही.

म्हणून हात टेकायचे नाहीत. दुसरा आधार आहे, वेतन संहिता २०१९. केंद्राने ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली आणि जुना किमान वेतन कायदा व वेतन प्रदान कायदा तिच्यात विरले. या संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. ज्याचं किमान वेतन ठरलेलं आहे अशा कर्मचाऱ्याने नेहमीच्या कामाच्या दिवसापेक्षा जास्त काम केलं, तर प्रत्येक जादा तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट पैसे द्यायचे, असं तिचं कलम १४ सांगतं. चौदा जणांच्या नर्सिंग होममधल्या कर्मचाऱ्यांनी याच कलमावर बोट ठेवायचं.

नेमका किती तासांनंतर ओव्हरटाइम सुरू होतो?

आठवड्याला ४८ तास ही रेघ २०१७ मध्ये होती, आजही आहे. दिवसाची रेघ मात्र हलली. आधी ती नऊ तासांवर होती, २०२५ च्या बदलात दहावर गेली. या दोन्हीपैकी कुठलीही रेघ ओलांडली की ओव्हरटाइम.

आपल्याकडची नेहमीची पाळी घ्या: सकाळी आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते आठ. एखाद्या आठवड्यात चार दिवसपाळ्या आणि दोन नाइट आल्या, तर चार सक चोवीस आणि दोन बारे चोवीस, बरोबर ४८ तास. ऑफिस म्हणणार, आठवडा बसला की! आठवड्याची रेघ बसली हे खरं. पण प्रत्येक नाइट बारा तासांची आहे आणि दिवसाची रेघ दहावर आहे. म्हणजे दर नाइटचे दोन तास जादा. हे दोन तास कुणी मागत नाही, कारण ते जादा आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं.

विश्रांतीचा वेळ खरोखर मिळाला असेल तर तो कामाच्या तासांतून वजा होतो. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. डबा उघडल्यावर सात नंबरच्या बेडवरून बेल वाजली आणि भाकरी तशीच ठेवून उठावं लागलं, तर त्याला विश्रांती म्हणता येत नाही. पण तसं झालं हे दाखवायची तयारी पाहिजे. त्याबद्दल पुढं.

हिशेब कसा करायचा? आकड्यांत सांगा.

समजा मूळ वेतन अधिक महागाई भत्ता मिळून महिन्याला १३,००० रुपये. किमान वेतनाच्या हिशेबात महिन्याला २६ दिवस धरतात, कारण साप्ताहिक सुटी पगारातच असते. १३,००० भागिले २६ म्हणजे दिवसाला ५००. आठ तासांनी भागलं की तासाला ६२ रुपये ५० पैसे. दुप्पट केलं की १२५. एका जादा तासाचे हे पैसे झाले.

आता सगळा महिना रोज बारा तास करणारा वॉर्डबॉय घ्या. मधली सुटी खरी मिळत नाही असं धरू. आठवड्याला सहा दिवसांचे ७२ तास, त्यातले २४ जादा. २६ दिवसांच्या महिन्यात १०४ तास जादा. १०४ गुणिले १२५ किती? १३,०००. म्हणजे आणखी एक अख्खा पगार.

आकडे मुद्दाम जुळवलेले नाहीत, पगार कितीही घ्या. चार जादा तास दुप्पट दराने म्हणजे आठ तासांचे पैसे. रोज बारा तास करणाऱ्या माणसाला त्याच्या पगाराच्या दुप्पट पैसे मिळायला हवेत. हे सांगितल्यावर समोरचा माणूस आधी हसतो, मग मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढतो. मधली अर्ध्या तासाची सुटी खरी मिळत असेल तर रक्कम थोडी खाली येईल, इतकंच.

आमच्या हॉस्पिटलात ‘डबल ड्युटी’चे ठरावीक तीनशे रुपये देतात. ते चालतं का?

हिशेब वरच्यासारखा करून बघा. १३,००० पगारावर सहा तासांची दुसरी पाळी जादा ठरत असेल तर साडेसातशे होतात. तीनशे दिले असतील तर साडेचारशे बाकी. ठरावीक रक्कम देण्यात गैर काही नाही, ती कायद्याच्या आकड्याखाली गेली की गैर. उलट, ते तीनशे देतात आणि पावतीवर ‘डबल ड्युटी’ लिहितात, म्हणजे जादा काम झाल्याचं त्यांनीच लिहून दिलं. ती पावती जपून ठेवा.

पगाराच्या पावतीवर मूळ वेतन कमी आणि भत्तेच जास्त आहेत. दुप्पट कशाच्या धरायची?

पगार तोडून भत्त्यांत वाटायची ही युक्ती जुनी आहे. पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी आणि ओव्हरटाइमचा दरही कमी. वेतन संहितेने तिला लगाम घातलाय. वेतनात मूळ पगार आणि महागाई भत्ता येतो. घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते बाहेर राहतात, पण बाहेर राहणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. एकूण १५,००० आहेत, मूळ आणि महागाई मिळून ६,०००, भत्ते ९,०००. निम्मे झाले ७,५००. भत्ते त्यापेक्षा १,५०० ने जास्त, ते वेतनात आले आणि वेतन झालं ७,५००.

पण थांबा. तुमच्या कामाचं आणि तुमच्या परिमंडळाचं सरकारने जाहीर केलेलं किमान वेतन याहून जास्त असेल, तर मुळात तेवढं वेतन मिळतंय का हे आधी बघायला हवं. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. दर वर्षी दोनदा तो आकडा कामगार विभागाच्या संकेतस्थळावरून काढून पावतीशी लावून बघा. मला विचाराल तर ओव्हरटाइमच्या आधी हेच भांडण भांडण्यासारखं असतं. मूळ दरच चुकीचा असेल तर त्याची दुप्पटही चुकीचीच येणार.

नेमणूकपत्रात लिहिलंय, ‘हॉस्पिटलच्या गरजेनुसार जादा वेळ थांबावे लागेल, त्याचा वेगळा मोबदला मिळणार नाही.’ मी सही केली आहे.

सही केली तरी हक्क गेला नाही. कर्मचाऱ्याने संहितेखालची कुठलीही येणी रक्कम सोडून दिल्याचा करार त्या मर्यादेत रद्दबातल, असं वेतन संहितेचं कलम ६० आहे. ‘सर्व तास पगारात धरलेले आहेत’ हे वाक्यही त्याच मापाने मोजायचं.

मला वॉर्ड इन्चार्ज केलं. आता ओव्हरटाइम नाही म्हणाले.

पद काय लिहिलंय त्यापेक्षा दिवसभर तुम्ही काय करता ते बघतात. २०१७ च्या कायद्यातून गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचं काम करणारे वगळलेले आहेत. तुम्ही रजा मंजूर करता का? कुणाला कामावर ठेवता-काढता का? रोस्टर तुमच्या अधिकारात आहे की वरून आलेलं तुम्ही फक्त भिंतीवर लावता? इन्चार्ज म्हणवल्या जाणाऱ्या बाईच पहाटे चादरी बदलत असतील, तर ती इन्चार्जगिरी नावापुरती.

एक कामाची गोष्ट. अशा वगळलेल्या लोकांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर, ते नसेल तर दर्शनी जागी लावायची असते आणि तिची प्रत सुविधाकाराला द्यायची असते. सुविधाकार म्हणजे या कायद्याखालचा आपला जुना इन्स्पेक्टर. ती यादी कुठं लावली आहे, असं विनम्रपणे विचारा. बहुतेक ठिकाणी त्या प्रश्नावर थोडा वेळ कुणी काही बोलत नाही.

रिलिव्हर उशिरा येतो. रोज अर्धा-पाऊण तास जास्तच होतो. त्याचे काय पैसे मागायचे?

मागायचे. कलम १४ मध्ये तास ‘किंवा तासाचा भाग’ असं आहे. रोजचा पाऊण तास महिन्याला साडेएकोणीस तास होतो. रिलिव्हर न येणं हा रोस्टर लावणाऱ्याचा प्रश्न आहे. पेशंट सोडून तुम्ही जाऊ शकत नाही, जाऊही नये. पण थांबल्याची वेळ हँडओव्हरच्या वहीत सहीजवळ लिहा. ‘८.४५ ला चार्ज दिला’ एवढं पुरे.

आपसात ड्युटी बदलून घेतली, तर?

मावशींच्या घरी लग्न होतं, तुम्ही त्यांची पाळी केली, त्या तुमची करणार. ही तुमची तुमच्यात सोय आहे आणि तिच्यावर ओव्हरटाइम मागायला गेलात तर पुढच्या वेळी कुणी बदली देणार नाही. मात्र ‘आपसात ठरवून घ्या’ असं सांगून ऑफिस रिकाम्या जागा भरत असेल, तर ती बदली नाही, ती त्यांची टंचाई आहे.

ऑन कॉल असतो. कधी घरी, कधी ओटीशेजारच्या खोलीत झोपायला सांगतात.

घरी आहात, फोन आला तरच जायचं, तर माझ्या मते फोन आल्यानंतरचा वेळ कामाचा. हॉस्पिटलच्या खोलीत थांबायला सांगितलंय आणि बाहेर जायची मुभा नाही, तर तो वेळ मालकाच्या हवाली केलेला आहे, मग डोळा लागला तरी. कामगार कायद्यांत कामाचे तास मोजण्यामागचा विचार असाच आहे. वाद होईल, कारण प्रत्येक ठिकाणची परिस्थिती वेगळी. कोणी थांबायला सांगितलं आणि कधी सोडलं, हे लेखी असेल तर वाद छोटा होतो.

जादा तासांच्या बदल्यात सुटी देतात. घ्यावी का?

साप्ताहिक सुटीच्या दिवशी कामाला बोलावलं तर बदली सुटी हा तुमचा हक्क आहे. ४८ तासांवरच्या कामाला मात्र कायदा पैसे म्हणतो, सुटी म्हणत नाही. मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत पैशांपेक्षा सुटी बरी वाटत असेल तर घ्या, पण ती ‘मिळेल तेव्हा’ नको, तारखेसकट लेखी हवी. जमा झालेल्या बदली सुट्या मार्चअखेरीला ‘बुडाल्या’ असं ऐकायला मिळतं.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. सेवाभावी संस्थेत ओव्हरटाइम कुठला?

सेवा संस्थेने पेशंटची करायची. तिचा खर्च मावशींच्या पगारातून नाही. २०१७ च्या कायद्यात धर्मादाय किंवा इतर न्यासही, नफ्यासाठी काम करत असोत वा नसोत, व्याख्येत घेतलेले आहेत. युनियन, संप, औद्योगिक विवाद यांत ट्रस्टचं हॉस्पिटल ‘उद्योग’ आहे का, हा जुना झगडा आहे. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने हॉस्पिटलं उद्योगात आणली, तर औद्योगिक संबंध संहितेची नवी व्याख्या सेवाभावी संस्थांना वगळते. त्या वादात ओव्हरटाइमची मागणी अडकवू नका. ती वेतनाच्या आणि आस्थापनेच्या कायद्यावर उभी करा.

आम्ही ठेकेदाराकडून आहोत. हॉस्पिटल म्हणतं ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो हॉस्पिटलने बिल दिलं नाही.

हाउसकीपिंग, सिक्युरिटी, लाँड्री, लिफ्ट, आता तर वॉर्डबॉयसुद्धा. पैसे द्यायची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने दिले नाहीत तर मुख्य मालकाची, म्हणजे हॉस्पिटलची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, २०२० च्या सुरक्षा-आरोग्य संहितेतही आहे. हॉस्पिटलने आधी तुम्हाला पैसे द्यावेत, मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावेत. तेव्हा अर्ज दोघांच्या नावे एकाच कागदावर करा. ठेकेदाराचं बिल अडकलंय हे त्यांचं आपसातलं दुखणं.

तुमची नेमणूक कुणाकडे आहे हेच कळत नसेल तर पीएफच्या पासबुकात बघा. तिथं आस्थापनेचं नाव असतं.

सिव्हिलमध्ये कायम चतुर्थश्रेणीत आहे. मला?

सरकारी आणि महापालिकेच्या कार्यालयांना २०१७ चा कायदा लागू नाही. तुमचे तास, रजा आणि मोबदला सेवानियमांवर चालतात. संघटनेमार्फतच जा. मिरज-सांगलीच्या सरकारी दवाखान्यांत एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांनी मात्र वरचं उत्तर पुन्हा वाचावं. तिथं मुख्य मालक सरकार असतं, एवढाच फरक.

महापुरात दोन-तीन दिवस हॉस्पिटलातच अडकलो, रिलिव्हर येऊच शकला नाही. त्याचं काय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत हे झालं. कृष्णेचं पाणी चढलं, रस्ते बंद, आत आहेत तेच लोक पाळीमागून पाळी करत राहिले. तेव्हा पैशांचा विषय काढायची कुणाला लाज वाटली, कुणाला आठवणही झाली नाही.

अडकलेला सगळा काळ कामाचा धरला जाईल असं नाही. आठ तास झोपलात, ते मोजू नका. पण ज्या पाळ्या केल्या त्या मोजा, दुप्पट दराने. संकटकाळात जादा वेळ थांबवून घ्यायला कायदा वाव देतो, फुकट थांबवायला देत नाही. मेस्मा लागला तरी तेच: तो संपाला अडवतो, पगार माफ करत नाही. पावसाळा जवळ आला की एक वही वॉर्डातच ठेवा. पाण्याच्या दिवसांत पंचिंग मशिन आणि लाइट दोन्ही जातात.

बायकांना नाइट सक्तीची करता येते का?

रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कामगाराला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं. तिची सुरक्षितता, लैंगिक छळापासून संरक्षण आणि घरापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी, असं राज्याचा कायदा म्हणतो. आता सकाळी आठला नाइट सुटल्यावर साडेआठला स्टँडवर वडापची वाट बघत उभ्या असलेल्या बाया आठवा. संमती आधीच छापील फॉर्मवर घेतलेली असते, गाडीचा मात्र उल्लेख नसतो. संमती देताना त्याच कागदावर वाहतुकीची ओळ लिहून घ्या.

शिकाऊ आहे, स्टायपेंड मिळतो.

शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नोंदलेले असाल तर तुम्ही ‘कामगार’ नाही. पण मग शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुमच्याकडून जादा वेळ काम करूनच घेता येत नाही. नोंदणी नाही आणि नुसतं ‘ट्रेनी’ म्हणतात, तर तुम्ही कामगारच.

जादा थांबायला नाही म्हणता येतं?

२०२० च्या सुरक्षा-आरोग्य संहितेत ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते. शिवाय वरची मर्यादा आहे: २०१७ च्या कायद्यात तीन महिन्यांत १२५ तास, २०२५ च्या बदलानंतर १४४. वर ज्या वॉर्डबॉयचा हिशेब केला, त्याचे तेरा आठवड्यांत ३१२ तास होतात. म्हणजे रोजची बारा तासांची ड्युटी पूर्ण पैसे दिले तरी बेकायदा आहे. ‘आम्ही ओव्हरटाइम देतो’ म्हणून ती सुटत नाही. आणि मर्यादेबाहेर काम करून घेतलं म्हणून त्या तासांचे पैसे बुडवता येतात, असंही नाही.

पुरावा काय ठेवायचा? पंचिंगमध्ये आम्हाला आठ तासांनी आउट मारायला लावतात.

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

एक साधी वही घ्या. रोज तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, वॉर्ड, आणि कुणी थांबायला सांगितलं ते. रोजच्या रोज लिहा, त्या दिवशी हाताशी असलेल्या पेनने. एका बैठकीत सहा महिन्यांचं लिहिलेलं लगेच ओळखू येतं. भिंतीवरच्या रोस्टरचा फोटो काढा, आठवडा बदलला की पुन्हा. ‘मावशी आज नाइट पण करा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर तो पुसू नका. मोबाइल बदलताना जुना चॅट जातो, त्याआधी स्क्रीनशॉट घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. पंचिंग आठला आणि हँडओव्हर वहीत सही दहाला, ही विसंगतीच तुमचा पुरावा आहे.

एक करू नका. केस पेपर, औषधांचा चार्ट, पेशंटचं नाव दिसेल असं काहीही फोटोत घेऊ नका. तुमचा ओव्हरटाइम राहील बाजूला आणि गोपनीयता मोडली म्हणून तुमचीच चौकशी लागेल. ऑफिसला ती संधी देऊ नका.

पगाराची पावती मिळणं हा हक्क आहे. मिळत नसेल तर बँकेचं पासबुक भरून घ्या. आणि हे लक्षात ठेवा: पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले असा दावा दाखल झाला, की पैसे दिल्याचं सिद्ध करायचं ओझं वेतन संहितेच्या कलम ५९ ने मालकावर टाकलंय. तास केल्याचं तुम्ही दाखवा, पैसे दिल्याचं ते दाखवतील.

मागणी कशी लिहायची?

थोडक्यात आणि न चिडता. असं:

‘प्रति, व्यवस्थापक. विषय: जादा कामाच्या मोबदल्याबाबत. मी आपल्याकडे अमुक वॉर्डात अमुक कामावर अमुक तारखेपासून आहे. अमुक ते अमुक या काळात माझे काम आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त झाले असून तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. एकूण जादा तास इतके. त्यांचा दुप्पट दराने मोबदला पुढील पगारासोबत मिळावा, ही विनंती. या अर्जाची पोच द्यावी.’

एवढंच. ‘अन्याय’, ‘पिळवणूक’ हे शब्द खरे असले तरी या कागदावर नकोत. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला टाचून ठेवा. चार-पाच जणांनी एकाच मजकुरावर सह्या केल्या तर फार बरं. एकट्याला केबिनमध्ये बोलावतात, पाच जणांना बोलावलं तर खुर्च्या लागतात.

उत्तरच आलं नाही. आता कुठं?

सांगली जिल्ह्यासाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय सांगलीत, साताऱ्याच्या लोकांसाठी साताऱ्यात. अर्ज, तक्ता, पोच आणि ओळखपत्राची प्रत घेऊन जा, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. वेतन संहितेखालचा दावा तुम्ही स्वतः करू शकता किंवा तुमची नोंदणीकृत युनियन. येणे असलेल्या रकमेबरोबर तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहा पट मिळतेच असं समजून चालू नका, पण तडजोडीच्या टेबलावर हा आकडा कामाला येतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

तक्रार केली तर काढून टाकतील.

टाकू शकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मिरजेत हॉस्पिटलं भरपूर आहेत, पण त्यांची ऑफिसंही एकमेकांना ओळखतात. म्हणून क्रम सांभाळा: आधी वही, मग सोबती, मग अर्ज, मग आयुक्त. हक्क मागितल्याचा राग म्हणून काढलं असेल तर तो वेगळा खटला आहे आणि तिथं मुदती छोट्या असतात. अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या राज्य कायद्याखाली तक्रारीला ९० दिवस. काढल्याच्या आठवड्यातच वकिलाला गाठा. राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही मागितली तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणा आणि निघा.

नोकरी सोडून वर्ष झालं. जुना ओव्हरटाइम मागता येईल?

येईल. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळी देणी मिळायला हवी होती. ‘काहीही येणे नाही’ यावर सही घेतली असेल तर कलम ६० पुन्हा वाचा. संहितेखाली दाव्याची मुदत पैसे येणं झाल्यापासून तीन वर्षं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या महिन्यांसाठी वकिलाला नीट विचारा, कारण जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिने होती आणि वेतन प्रदान कायद्यात बारा. मुदत सगळ्या थकबाकीची एकदम संपत नाही, महिन्यामहिन्याने संपते. तुम्ही विचार करत बसलात तर सगळ्यात जुना पगार दर महिन्याला एकेक करून हिशेबातून गळत जातो.